खासगी प्रवास

हिसका तसा फार मोठा नव्हता. मागे बसलेल्यांपैकी एखाद्याचा चष्मा नाकावरून घसरला असेल, कुणाचं झोपलेलं मूल दचकून रडलं असेल, एवढंच. चाकं जमिनीला जरा जास्तच जोरात लागली, विमान किंचित उसळलं, पुन्हा टेकलं आणि मग कुठल्याही सकाळी धावतं तसं धावपट्टीवरून धावायला लागलं. पण ती मागे बसलेली नव्हती. विमान गच्च भरलेलं होतं म्हणून तिला कॉकपिटमध्ये, दोन्ही पायलटांच्या पाठीमागची घडीची खुर्ची मिळाली होती. त्यामुळे हिसका बसायच्या आधी काय झालं ते तिनं पाहिलं होतं. विमान उतरवणारे कॅप्टन म्हणजे तिचे जुने सर, आणि सरांचे डोळे मिटलेले होते.

ती स्वतः पायलट होती, याच कंपनीत, याच प्रकारच्या विमानांवर कॅप्टन. आज सकाळी मात्र ती कामावर नव्हती, कामाला निघाली होती. तिचं घर एका शहरात आणि बेस दुसऱ्यात. बेस म्हणजे ज्या विमानतळावरून तुमची ड्यूटी सुरू होते तो. कंपनीच्या लेखी तेच तुमचं गाव. पूर्वी दोन्ही एकाच ठिकाणी होतं. घरून निघायचं, उडायचं, परत यायचं, चपला आपल्याच दारात. मग कंपनीनं तिच्या शहरातला बेस बंद केला आणि तिथल्या पायलटांना पत्ते वाटावेत तसं इकडेतिकडे वाटून टाकलं. नवऱ्याचा दातांचा दवाखाना उचलून नेता येण्यासारखा नव्हता. ‘खुर्ची नेता येईल गं,’ तो तेव्हा म्हणाला होता, ‘पण तोंडं कुठून आणू?’ सासूबाईंचे गुडघे, मुलीची शाळा, सगळं तिथंच रुजलेलं. तेव्हापासून ती दर खेपेला सकाळच्या विमानानं प्रवासी म्हणून बेसला यायची, चारपाच दिवस तिथून उडायची, भाड्याच्या खोलीत झोपायची आणि पुन्हा प्रवासी म्हणून घरी जायची. हे जाणंयेणं कामात धरलं जात नसे. कंपनीच्या भाषेत तो खासगी प्रवास. म्हणजे पहाटे उठून, मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून, अर्धं आकाश ओलांडून ती बेसवर पाय ठेवायची तेव्हा कागदोपत्री ती नुकतीच झोपून उठलेली, ताजीतवानी असायची.

खुर्चीचा पट्टा तिनं अजून सोडला नव्हता. आत्ताच घडलेलं ती पुन्हा पुन्हा पाहत होती, आणि प्रत्येक वेळी ते थोडं अधिक लांबत होतं. विमान ठरल्या वाटेनं खाली येत होतं. यंत्रच आणत होतं. शेवटचा भाग तेवढा सर हातानं करणार होते. एका ठरलेल्या उंचीवर उजवीकडचा को-पायलट मोठ्यानं उंची सांगतो आणि डावीकडच्या कॅप्टननं त्याला उत्तर द्यायचं असतं. विमान कुणाच्या तरी हातात आहे याची ती खूण. को-पायलटनं उंची सांगितली. सर बोलले नाहीत. सरांना पूर्वीपासून रेडिओ ऐकताना डोळे मिटायची सवय, जुनं गाणं ऐकताना मिटावेत तसे; म्हणून आधी तिला वाटलं, ऐकतायत. मग तिला त्यांचा जबडा दिसला. खांदे ताठ होते, मान सरळ होती, हात जिथं असायला हवा तिथंच होता, पण जबडा सुटला होता, घर रिकामं झाल्यावर दार नुसतं लोटलेलं राहावं तसा. समोरच्या काचेत धावपट्टी रुंद होत चालली होती. को-पायलट पुन्हा उंची बोलला, ‘सर’ म्हणाला, आणि त्याचा हात पुढं झाला. दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही तर तिसरी मारत बसायचं नाही, विमान आपल्या ताब्यात घ्यायचं. हे तिला सरांनीच शिकवलेलं. तेवढ्यात सर म्हणाले, ‘आहे, आहे.’ बाथरूमचं दार बाहेरून कुणी वाजवलं की आतून म्हणतात ना, तसं. आणि मग हिसका. या सगळ्यात तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. तीन पायलट त्या चिमुकल्या खोलीत होते. एक झोपलेला, एक हाका मारणारा आणि एक तोंड उघडं टाकून बसलेली.

इंजिनं बंद झाल्यावर सर वळले. चेहरा नेहमीचाच, मिशीतून हसणारा. ‘काय गं, कंबर आहे ना जागेवर?’

‘आहे सर.’

‘तुझ्यासाठीच जोरात टेकवलं. नाहीतर म्हणशील, म्हाताऱ्यानं कधी उतरवलं कळलंसुद्धा नाही.’

आणि ती हसली. नंतर तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की ती हसली, आणि तिचं हसू अगदी खरं वाटावं असं आलं. या माणसाशेजारी बसून ती विमान चालवायला शिकली होती. गवताळ मैदानाकडेच्या त्या लहानशा धावपट्टीवर, दोघांच्याच विमानात, तिचे हात घामानं निसरडे व्हायचे तेव्हा सर खिडकीबाहेर बघत काहीतरी भलतंच बोलायचे. त्यांच्या बायकोनं भाताची फोडणी कशी जाळली, शेजाऱ्याचा कुत्रा कसा फक्त पोस्टमनवर भुंकत नाही. बोलता बोलता विमान जमिनीला कधी टेकायचं तिला कळायचं नाही. एकदा मात्र ती घाबरून फार उंचावरच विमानाचं नाक वर करून बसली, विमान हवेत लोंबकळलं, तेव्हा सरांचा आवाज बदलला. ‘दे,’ एवढंच म्हणाले आणि विमान आपल्या हातात घेतलं. त्या एका शब्दात इतकी जाग होती की पुढची कित्येक वर्षं, एकटी कॅप्टन झाल्यावरसुद्धा, वाईट हवेत तिला तो शब्द ऐकू यायचा आणि धीर यायचा. आता तिला वाटलं, मघाशी तो शब्द तिनं म्हणायला हवा होता. दे. पण तो म्हणायचा म्हणजे सरांना म्हणायचा होता.

को-पायलट तिला पायलटांच्या खोलीबाहेर कॉफीच्या यंत्रापाशी सापडला. कंपनीतल्या सगळ्यांत लहान म्हणून त्याला सगळे शेंडेफळ म्हणत. तिशीच्या अलीकडचा, गालावर अजून मुरमांच्या खुणा. तिला पाहताच त्यानं कपाकडे मान वळवली.

‘पहिल्यांदाच झालं का हे?’ तिनं हळू आवाजात विचारलं.

‘काय मॅडम?’

‘तुला माहितीये काय.’

यंत्रातून कॉफीची शेवटची धार पडल्यावर त्यानं कप उचलला. मग म्हणाला, ‘मागच्या आठवड्यातपण झालं. वर असताना. तेव्हा काय, वेळ होता. मी बोलत राहिलो, उठले ते.’

‘आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?’

‘कुणाला सांगू? माझी परीक्षा सरच घेणारेत.’ त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. त्याचे डोळेसुद्धा कडांना लाल होते. ‘आणि मॅडम, तुम्हीपण होतात की आत. तुम्ही का नाही बोललात?’

‘संध्याकाळी सरांबरोबर कोण आहे?’ तिनं विचारलं.

‘मीच.’ त्यानं दुसरा कप यंत्राखाली ठेवला. ‘मी हल्ली दोन कॉफ्या घेतो. एक माझी, एक सरांच्या वाटची.’

विमानतळापासून पायलटांची इमारत चालत जाता येईल एवढ्या अंतरावर होती. इमारत कंपनीची नव्हे. घर एका गावात आणि बेस दुसऱ्यात अशा पायलटांनी भाड्यानं धरलेल्या खोल्यांची. मालक इमारतीला धर्मशाळा म्हणायचा आणि वर स्वतःच हसायचा. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, कारण इथं कुणी ना कुणी कायम झोपलेलं असे. पॅसेजमध्ये चाकांच्या बॅगा रांगेत उभ्या, इस्त्रीच्या टेबलावर कायम कुणाचा तरी पांढरा शर्ट, आणि स्वयंपाकघरात सहा जणांचे सहा चहाचे डबे. इथं माणसांना नावापेक्षा पलंगावरून ओळखत. तिच्या खोलीत तिघी: दारवाली, खिडकीवाली आणि ती स्वतः मधली. पहिल्यांदा कुणी मधली म्हणून हाक मारली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण एका मोठ्या घरात सून म्हणून आलोय. आता ती हाक ऐकली की फक्त पलंग डोळ्यांपुढं येई. लोखंडी, मधोमध खोलगट झालेला, अनेकींच्या अंगांचा आकार घेतलेला.

खोलीत अंधार होता. दारवाली कामावर गेली होती. खिडकीवाली पालथी झोपली होती, बूटसुद्धा एकच काढलेला. तिचं घर आणखी लांब. सरळ विमानात जागा मिळाली नाही की तिला दोन विमानं बदलून यावं लागे. आज ती राखीव होती, म्हणजे ऐनवेळी कुणी गळलं तर तिला बोलावणार होते. दाराच्या उजेडानं तिनं डोळे न उघडताच विचारलं, ‘मला बोलावलं का?’

‘नाही. झोप. कधी आलीस?’

‘आत्ताच. सकाळी. रात्रभर त्या मधल्या विमानतळावर खुर्चीत होते.’ एवढं बोलून ती पुन्हा झोपली. वाक्य संपलं आणि झोप लागली यांत फट नव्हती.

मधलीची स्वतःची ड्यूटी दुपारी होती. तिनं पलंगावर पाठ टेकली, पण डोळे मिटले की जबडा दिसायचा. तिनं नवऱ्याला फोन लावला. मागं ड्रिलचा आवाज येत होता. ‘बोल पटकन, एकाच्या तोंडात हात आहे माझा,’ तो म्हणाला. तिनं थोडक्यात सांगितलं. सर, डोळे, हिसका. मागचं ड्रिल थांबलं. ‘पण उतरलात ना नीट?’

‘उतरलो.’

‘मग झालं तर. तू जेव काहीतरी. आणि त्यांचं वय झालंय गं, होतं असं.’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘तू बरी आहेस ना?’ हो म्हणून तिनं फोन ठेवला आणि त्याच्या प्रश्नानं भलतीच गोष्ट वर आली. मागच्या खेपेला घरी असताना ती दुपारी झोपली होती. जाग आली तेव्हा आपण कुठल्या खोलीत आहोत हे तिला उमगेना. छत ओळखीचं वाटत होतं, पण कुठलं ते आठवत नव्हतं. मुलगी शेजारी मांडीवर वही घेऊन बसली होती. ‘आई, तू झोपेत बोलत होतीस,’ ती म्हणाली. काय बोलत होते? ‘आकडे.’ कसले आकडे? ‘मोठ्यापासून लहानाकडे. मी हाक मारली तर तू म्हणालीस, आहे.’ तेव्हा ती खूप हसली होती, सासूबाईंना हाक मारून सांगितलं होतं, सासूबाईंनीही पदर तोंडाला लावून हसून घेतलं होतं. आता त्या काळ्या कागदाच्या खोलीत तिला ते ‘आहे’ सरांच्या आवाजात ऐकू आलं.

ती उठून खालच्या मजल्यावर गेली. सरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. सर बनियनवर, संध्याकाळसाठी शर्टाला इस्त्री करत होते. इस्त्री त्यांनी कधी कुणाला करू दिली नाही. कॉलरवर आधी उलट्या बाजूनं, मग सुलट्या. ‘ये, बस,’ ते म्हणाले. ‘चहा सांडलाय तिकडं, बघून बस.’

ती बसली नाही. ‘सर, उतरताना तुमचे डोळे मिटले होते.’

इस्त्री कॉलरच्या टोकापर्यंत गेली आणि उभी राहिली. ‘किती वेळ?’

तिला वाटलं होतं ते नाकारतील, चिडतील, थट्टेवारी नेतील. या प्रश्नाची तयारी तिनं केली नव्हती. ‘माहीत नाही,’ ती म्हणाली.

‘तेच तर. मलाही माहीत नाही.’ सरांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि पलंगाच्या कडेवर बसले. बसल्यावर ते एकदम लहान दिसले. ‘माझ्या हिशोबानं मी एकदाच पापणी मिटली. उघडली तर जमीन समोर.’

मग त्यांनी सांगितलं. तिला अर्धं ठाऊक होतं. त्यांच्या बायकोची एक बाजू गेली हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, भेटल्यावर लोक चौकशी करत, सर ‘चाललंय’ म्हणत. सुट्टी लागली की सर दोन विमानं बदलून घरी जात. दिवसा बाई यायची; सर इथं असले की तीच रात्रीही राहायची, ते घरी असले की रात्रीचं सगळं त्यांच्याकडे. बायकोला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. तिला बोलता येत नसे, फक्त घशातून एक आवाज काढता येई, आणि त्या आवाजाला आपण उठलो नाही तर काय, या धास्तीनं सरांना झोप लागत नसे. ‘आणि इथं आलो की वाटतं, तिकडं ती आवाज काढत असेल,’ ते म्हणाले. ‘इथं ऐकूच येणार नाही ना. मग इथंही जागा.’

‘संध्याकाळची फेरी सोडा सर.’

‘सोडून काय करू?’

‘झोपा.’

सर हसले, पण मिशीतून नव्हे. ‘अगं, मला झोप येते ती फक्त तिथं. त्या खुर्चीत. का ते मी पुष्कळ शोधलं. उजवीकडे कुणीतरी जागं असतं ना. शिकलेलं, हुशार, जागं माणूस. माझ्या आयुष्यात तेवढी एकच जागा उरलीय जिथं माझ्या शेजारी कुणी जागं असतं.’

इमारतीत कुठंतरी गजर वाजायला लागला, वाजत राहिला, कुणीतरी बंद केला. तिला जायचं होतं. जे सांगायचं ते सांगून झालं होतं, आता वर जाऊन फोन करायचा आणि मोकळं व्हायचं. दारापर्यंत गेल्यावर सर मागून म्हणाले, ‘तूसुद्धा झोपली होतीस.’

ती वळली.

‘मागच्या थंडीत. तुझी वार्षिक तपासणी होती, मी को-पायलटच्या जागी बसलो होतो. परतताना, समुद्रावर. मी काहीतरी विचारलं, तू बोलली नाहीस. बघतो तर पोरगी गाढ. म्हटलं झोपू दे. विमान मी सांभाळलं, रेडिओ मी घेतला. किनारा दिसायला लागल्यावर खाकरलो. तू लगेच ताठ झालीस, आकडे वाचायला लागलीस. तुला कळलंच नव्हतं.’ ते शांतपणे सांगत होते, जुन्या ओळखीच्या माणसाची खुशाली सांगावी तसे. ‘मी धमकी देत नाहीये गं. तुला सांगायचंय तर जरूर सांग वर. मी नाही अडवणार. पण तुला ठाऊक असायला हवं, म्हणून सांगितलं.’

जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली. ती फेरी तिला आठवत होती. आठवत होती ती एवढ्यासाठीच की ती फार पटकन संपली होती. घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलंसुद्धा होतं, सर बरोबर असले की वेळ कसा जातो कळत नाही, गप्पांत समुद्र कधी संपला तेच कळलं नाही. गप्पा कसल्या झाल्या ते मात्र सांगता आलं नव्हतं. आता तिथं, त्या आठवणीच्या मधोमध, एक भोक पडलं होतं. त्याच्या कडा चाचपताना तिला बाकीच्या फेऱ्या आठवायला लागल्या, ज्या छान, पटकन संपल्या होत्या. ज्यांत उजवीकडे सर नव्हते, शेंडेफळासारखं कुणीतरी होतं, डोळ्यांच्या कडा लाल असलेलं. ती एकटीच झोपली असेल का? का दोघंही? विमान आपलं आपण सरळ जात राहतं. आत कुणी आहे की नाही याची त्याला पर्वा नसते. मागं माणसं डबे उघडून खात असतात, मुलांना ढग दाखवत असतात, आणि पुढं दोन ताठ बसलेली माणसं, पाठीमागून बघितलं तर अगदी जागी.

वर येऊन तिनं ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसला फोन केला. फोन उचलणारी मुलगी ओळखीची होती, आवाजानं. कायम कुठलीतरी गोळी चघळत बोलणारी.

‘मी आज दुपारी उडू शकत नाही,’ ती म्हणाली.

‘अरे बापरे. बरं वाटत नाही का मॅडम? आजारी लिहू?’

‘आजारी नाही. दमलेय.’

‘दमलेय.’ मुलीनं तो शब्द परका असावा तसा परत म्हटला. ‘पण तुमची तर दोन दिवस सुट्टी होती ना?’

‘मी पहाटे उठून विमानानं आलेय.’

‘हो, पण तो तुमचा खासगी प्रवास झाला ना मॅडम.’ ती उद्धटपणे नव्हती म्हणत, समजावून सांगत होती. ‘बरं, बघते मी. राखीवला बोलावते.’

‘अजून एक,’ ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज कॉकपिटमधल्यासारखा, सपाट ऐकू आला. ‘सरांना संध्याकाळच्या फेरीवर पाठवू नका. सकाळी उतरताना ते झोपले होते. मी पाहिलं. जे काय लेखी द्यायचं ते मी देते. आणि मागच्या थंडीत मीही झोपले होते, तेही देते.’

पलीकडे गोळी चघळणं थांबलं. ‘थांबा हं मॅडम. थांबा. मी... वरच्यांना देते.’ वरच्यांनी मोजकं विचारलं, मोजकं ऐकलं, आणि सांगितलं की पुढचं कळवू. तोवर तिनं इमारतीतच थांबावं, कुणाशी बोलू नये.

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. काही क्षण वाटलंही. तिनं बूट काढले, पाय वर घेतले. आणि शेजारच्या पलंगावर, उशीखाली, फोन थरथरायला लागला.

खिडकीवालीचा हात आधी उठला, मग ती. ‘हो,’ ती फोनमध्ये म्हणाली. ‘हो, हो, जागीच आहे. नाही, झाली झोप. येते.’ आवाज अगदी खणखणीत होता. फोन ठेवल्यावर मात्र ती पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहिली, मान खाली, आणि मधलीला कळलं की ती पुन्हा झोपलीय. मग ती दचकून उठली, दिवा लावला, काढलेला बूट शोधायला लागली.

‘कुठली फेरी?’ मधलीनं विचारलं. तिला ठाऊक होतं.

‘दुपारची. कुणीतरी गळलं.’ खिडकीवाली आरशापुढं केसांत पिना खोचत होती. एक पीन दोनदा हातातून पडली.

‘मी गळले.’

‘तू? बरी आहेस ना?’

‘तू झोपलेली नाहीस. तू रात्रभर खुर्चीत होतीस.’

‘झोपले की. आत्ता काय करत होते मग?’

‘नाही म्हण त्यांना.’

खिडकीवालीनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, एवढ्या झोपेत राग कुठून आणणार. ‘तू नाही म्हणालीस म्हणून मला उठवलं. मी नाही म्हटलं तर समोरच्या खोलीतल्याला उठवतील. तो माझ्यानंतर आलाय. कुणाकुणाला सांगत फिरणार तू?’ तिनं टोपी घेतली, बॅगेची दांडी वर ओढली आणि निघाली.

मधली अनवाणी तिच्या मागं गेली. जिन्याच्या पहिल्या वळणावर तिनं बॅगेची दांडी धरली. का धरली, पुढं काय करणार होती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. खाली गाडीचा हॉर्न वाजला. ‘सोड,’ खिडकीवाली म्हणाली. ‘अगं, सोड ना. काय वेडेपणा लावलायस?’ तिला म्हणायचं होतं, दे; दे म्हटलं असतं तर कदाचित... पण आता तिनं काय मागायचं होतं, आणि कुणाकडे? खिडकीवालीनं तिची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी इतक्या हळुवारपणे. मग चाकं पायऱ्यांवर आपटत खाली गेली, गाडीचं दार लागलं, गाडी निघाली.

खालच्या मजल्यावरच्या दारात सर उभे होते. अंगात तो इस्त्रीचा शर्ट, पण खांद्यावरच्या पट्ट्या काढलेल्या, पायाशी बॅग. त्यांनी सगळं ऐकलेलं दिसत होतं. ‘मला घरी पाठवलं,’ ते म्हणाले. ‘कारण काय लिहू म्हणाली पोरगी. म्हटलं, वय लिही.’

‘सर, मी...’

‘माहितीये. बरं केलंस.’ ते दोनतीन पायऱ्या चढून आले आणि ती उभी होती तिच्या खालच्या पायरीवर बसले, हाश्श करून, गुडघ्यांवर हात देऊन. तीही बसली. जिन्याच्या झरोक्यातून दुपारचं ऊन त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर पडलं होतं. ‘ती राहील गं जागी,’ सर म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘बहुतेक.’

तिनं पाहिलं तर त्यांचं डोकं भिंतीला टेकलं होतं आणि जबडा सुटला होता. यावेळी खांदेही सुटले होते, हात मांडीवर उताणे पडले होते, आणि घशातून बारीक, लयीत घोरणं येत होतं. घरी जायचं त्यांचं विमान थोड्याच वेळात होतं. ते चुकलं तर उद्यापर्यंत दुसरं नाही, आणि तिकडं सर येणार म्हणून दिवसाची बाई संध्याकाळी निघून जाणार. त्यांना उठवायला हवं होतं. तिनं हात त्यांच्या खांद्यापर्यंत नेला.

वर खोलीत तिचा फोन वाजायला लागला. कंपनीचा असेल, नवऱ्याचा असेल. दोनदा पूर्ण वाजून थांबला, पुन्हा सुरू झाला. ती हलली नाही. हात तसाच खांद्याच्या वर, न टेकवता धरून ती डोळे ताणून बसून राहिली.